म्होरकीचं तोरण

आमच्या गावाचं नाव सांगितलं की डार्मश्टाटची मराठी मंडळी फोनवर नकाशा उघडतात, बोटांनी मोठा करतात, अजून मोठा करतात आणि म्हणतात, "अगं, पण इथे तर काहीच नाहीये." बरोबर आहे त्यांचं. जर्मनी दक्षिणेला जिथे संपते आणि आल्प्स सुरू होतात, तिथल्या एका घाटाच्या अगदी डोक्यावर आम्ही राहतो. एक चर्च, एक खाणावळ, आगीच्या बंबाची एक गाडी (तीही गावकरीच चालवतात) आणि उतारावर विखुरलेली घरं. दुकान नाही. ब्रेडवाल्याची व्हॅन अधूनमधून येते आणि भोंगा वाजवते. मीटिंगमध्ये असल्यामुळे भोंगा ऐकू आला नाही, तर आमच्याकडे पोळ्या होतात.

इथे आलो ते नवऱ्यामुळे. त्याने डार्मश्टाटला पीएचडी केली आणि नंतर त्याला बर्फ मोजायची नोकरी लागली. हे मी चेष्टेने सांगत नाही. गावाच्या वर एक मोजणी केंद्र आहे. बर्फ किती साचला, किती दबला, कधी घसरून खाली येईल याचा हिशोब तिथली यंत्रं ठेवतात आणि यंत्रांचा हिशोब माझा नवरा ठेवतो. माझं सॉफ्टवेअरचं काम होमऑफिसमधून कुठूनही होतं, असं मीच एकदा मोठ्या तोंडाने बोलून बसले होते. त्याने ते बरोब्बर लक्षात ठेवलं.

पहिला हिवाळा मी भांडण्यात घालवला. नोव्हेंबरात सूर्य समोरच्या डोंगराआड जातो आणि आमच्या खिडकीत थेट फेब्रुवारीत परत येतो. मधल्या काळात वरच्या आळीतल्या घरांवर चांगलं लख्ख ऊन पडलेलं दिसतं, फक्त आपल्यावर पडत नाही, आणि याचा राग नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणावर काढता येत नाही. रस्त्याच्या कडेने शरद ऋतूतच माणसापेक्षा उंच काठ्या रोवून ठेवतात. एवढ्या उंच कशाला, असं मी विचारलं होतं. जानेवारीत बर्फ काढणाऱ्या गाडीला रस्ता कुठे आहे हे त्या काठ्यांच्या टोकांवरूनच कळत होतं. बर्फाचा कडा कोसळायची भीती असली की घाटाला फाटक लावतात आणि मग जे घरात असेल ते खायचं. अशा दिवसांत दूध आम्हाला मागच्या गोठ्यातून मिळायचं.

गोठा घरमालकांचा. वरच्या मजल्यावर ते म्हातारा-म्हातारी राहतात, खाली आम्ही. आम्ही त्यांना घरात आजोबा आणि आजी म्हणतो. आजी बोलक्या आहेत, आठवड्यातून एकदा केक करतात आणि तो आम्ही खाल्लाच पाहिजे असा त्यांचा कायदा आहे. आजोबा बोलत नाहीत. समोरच्याचं पटलं की "गेनाऊ" म्हणतात, म्हणजे बरोबर, आणि तिथे संभाषण संपतं. नाही पटलं तर तेवढंही नाही.

इथली पद्धत अशी आहे. जून महिन्यात जनावरं गावाच्याही वर, झाडं संपतात त्याच्या पलीकडच्या कुरणांवर चढवतात. गुराखी त्यांच्याबरोबर एका लाकडी झोपडीत राहतो. सप्टेंबरच्या मध्याला सगळी जनावरं खाली आणतात. त्या दिवशी गावात बँड असतो, बाहेरून लोक येतात, आणि प्रत्येक कळपाच्या पुढे चालणाऱ्या गाईच्या डोक्यावर भलामोठा हार चढवतात, हिरव्या डहाळ्यांचा, डोंगरी फुलांचा, मधोमध आरसा. पण तो हार आपोआप मिळत नाही. उन्हाळाभर वर गेलेलं सगळं सुखरूप खाली आलं तरच हार. एक जरी जनावर दगावलं, तर तो कळप बिनहाराचा उतरतो आणि रस्त्यावरचे सगळे ते बघतात.

आदल्या वर्षी आजोबांचा कळप असाच उतरला होता. एका कालवडीचा पाय घसरला आणि ती घळीत गेली. तेव्हा मी नवीन होते, मला वाटलं, होतं असं. यंदा मात्र गोष्ट वेगळी होती, कारण हा त्यांचा शेवटचा उन्हाळा होता. दोन्ही गुडघे बदलून झालेले, मुलगा हेर्त्सोगेनआउराखला बुटांच्या कंपनीत, त्याला गाई नको होत्या आणि ते त्याने स्वच्छ सांगितलं होतं. शरदात सगळी जनावरं व्यापारी घेऊन जाणार हे ठरलेलं होतं. जूनमध्ये कळप वर नेताना आजोबा माझ्याजवळ थांबले आणि स्वतःहून म्हणाले, "एवढ्या वेळी सगळी खाली आणायची. म्हणजे झालं." त्यांचं मी ऐकलेलं ते सर्वांत लांब बोलणं होतं, आणि तेव्हापासून मलाही त्या हाराचा घोर लागला.

जुलैत सासूबाई आल्या. जुन्नरकडच्या शेतकरी घरात वाढलेल्या, नंतर सगळा जन्म पुण्यात. आल्या आल्या त्यांनी खिडकीतून डोंगर पाहिला, उतारावरचं कापलेलं गवत पाहिलं आणि विचारलं, "एवढं गवत आहे, माणसं कुठेयत?" मग त्यांना गोठ्याजवळचा बाक सापडला. सकाळी आजोबा त्या बाकावर बसायचे, तिथे सासूबाईही बसू लागल्या. दोघांना एकमेकांच्या भाषेतलं एक अक्षरही कळत नव्हतं. माझ्या मुलीला मराठी समजतं पण ती उत्तर जर्मनमध्येच देते, तेव्हा तिचाही फारसा उपयोग नव्हता. तरी त्यांचं बरं चालायचं. पुढे चालणारी गाय कोणती, हे आजोबांनी वरच्या कुरणाकडे बोट करून, स्वतः ऐटीत चार पावलं चालून दाखवलं. सासूबाईंनी तिचं नाव ठेवलं म्होरकी.

आजींनी एकदा माळ्यावरून हाराचा सांगाडा आणि आरसा खाली आणला. आरसा त्या व्हिनेगरने पुसत होत्या. तो कशासाठी ते मी सासूबाईंना सांगायला गेले, की वाईट शक्ती स्वतःला बघून पळून जावी म्हणून, तर त्या म्हणाल्या, "दृष्ट लागू नये म्हणून. त्यात सांगायचं काय?" आणि फडकं घेऊन एक कोपरा त्यांनीही पुसला.

झेंडूही त्यांचाच उद्योग. दसऱ्याला त्या इथेच असणार होत्या आणि दसऱ्याला दाराला तोरण नाही हे त्यांना चालणार नव्हतं. खाली दरीतल्या रोपवाटिकेतून त्यांनी झेंडूची रोपं आणायला लावली आणि आजींच्या लाल जिरेनियमच्या कुंड्यांमध्ये परवानगी न विचारता घुसवली. आजी दोन दिवस कुंड्यांकडे बघत राहिल्या, मग पाणी घालायला लागल्या.

ऑगस्टमध्ये सासूबाई पंधरा दिवस डार्मश्टाटला माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या, तेव्हा वीज पडली. दुपारचं वादळ होतं, इथे ती रोजचीच. गुराख्याचा फोन आला आणि आजोबा गाडी घेऊन वर गेले. एक कालवड जागच्या जागी गेली होती. ती पडली होती तिथपर्यंत गाडी जात नाही, आणि मेलेलं जनावर पाण्याच्या झऱ्याजवळ ठेवता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी हेलिकॉप्टर आलं. दोराला बांधलेली कालवड चर्चवरून, आमच्या घरावरून खाली दरीकडे गेली. मी कॉलवर होते. सगळ्यांना सॉरी म्हणून मी कॅमेरा बंद केला आणि रडले. आपण एका गाईसाठी रडतोय की म्हाताऱ्यासाठी, हे मला तेव्हा नीट कळलं नाही.

नंतर मी वरच्या मजल्यावर गेले तर आजी आरसा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. "आल्झो, तर मग, यंदा हार नाही," एवढं बोलून त्यांनी मला एक दुधी भोपळ्याएवढी मोठी काकडी दिली, त्यांच्या वाफ्यात फार झाल्या होत्या. आजोबा बाकावर बसले होते. मी शेजारून गेले, त्यांनी वर बघितलं नाही.

सासूबाई परत आल्यावर आम्ही त्यांना सांगितलं की वीज पडून एक कालवड गेली. त्या चपला काढायच्या आत तशाच वर भेटायला गेल्या. थोडा वेळ बसल्या. आजींनी कॉफी आणि केक पुढे केला, त्यांनी हातानेच नको म्हटलं. दुखवट्याच्या घरी कोण खातं? संध्याकाळी आजींनी मला जिन्यात गाठून विचारलं, "ओमाला माझा केक आवडत नाही का?" ओमा म्हणजे आजी, सासूबाईंना त्या तसंच म्हणायच्या. आवडतो, पोट भरलं होतं, असं काहीतरी मी सांगितलं. खरं कारण जर्मनमध्ये समजावण्याइतका उत्साह मला नव्हता. हाराचा नियमही सासूबाईंना कोणी सांगितला नाही. सांगायचं सुचलंच नाही कोणाला.

सप्टेंबरचा तो दिवस उजाडला. घाटातला रस्ता बंद केला होता, बँड होता, बिअर होती, दोन्ही बाजूला लोक. आधी दोन कळप उतरले, दोन्हींच्या पुढे हार, आरसे उन्हात चमकत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. मग आजोबांचा कळप आला. ते स्वतः पुढे चालत होते, काठी टेकत, धुतलेला शर्ट आणि टोपी. मागे म्होरकी, डोकं रिकामं. लोक गप्प झाले. इथे अशा वेळी टाळ्या वाजवत नाहीत, पुरुष टोपी काढतात. मी आजोबांच्या तोंडाकडे बघायचं टाळून त्यांच्या बुटांकडे बघत होते, आणि तेवढ्यात माझ्या शेजारची जागा रिकामी झाली.

सासूबाई रस्त्यावर उतरल्या होत्या. पदराखालच्या पिशवीतून त्यांनी झेंडूचा हार काढला, चांगला घसघशीत, पहाटे उठून गुंफलेला, आणि म्होरकीच्या गळ्यात घातला. मग तिच्या कपाळावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. माझी मुलगी मागून जर्मनमध्ये म्हणाली, "आजी, असं करायचं नसतं." ते आजूबाजूच्या सगळ्यांना समजलं, सासूबाईंना सोडून.

आजोबा थांबले. मागची जनावरंही थांबली. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण त्यांनी हाराला हात लावला नाही आणि सासूबाईंनाही काही म्हणाले नाहीत. मी धावत गेले.

"अहो आई, काढा तो."

"का? महिना होऊन गेला की. सुतक कधीच फिटलं."

"इथे तसं नसतं. एक जरी गेलं ना, तरी त्या वर्षी हार घालत नाहीत. रूलच आहे त्यांचा."

"अगं, पण घरचे आपण होऊन कसे सण करतील? बाहेरच्या कोणीतरी दुखवटा काढायचा असतो. इथे कोणी काढलेला दिसत नाही, म्हणून म्हटलं आपण काढू."

"अहो, प्लीज. सगळे बघतायत."

त्यांनी एकदा आजोबांकडे पाहिलं. मग हार काढून घेतला. म्होरकीने तोवर त्यातलं एक फूल खाल्लं होतं. आजोबांनी मान हलवली आणि कळप पुढे निघाला. सासूबाई हार पिशवीत कोंबून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, आणि मला आधी त्यांची लाज वाटली, मग लाज वाटल्याचा राग आला. आमच्याकडे वळून वळून बघणाऱ्या एका बाईकडे मी इतकं रोखून बघितलं, की तिने मान फिरवली.

संध्याकाळी मी वर गेले. माफी मागायचं ठरवून गेले होते, पण निघालं भलतंच. आमच्याकडे कोणी गेलं की घरात सण होत नाही, गोड होत नाही, आणि घरातल्यांनी आपण होऊन ते पुन्हा सुरूही करायचं नसतं. शेजारपाजारचं, नात्यातलं कोणीतरी येतं, काहीतरी आणतं, आग्रह करतं. तसं कोणी केलं की मगच पुढचं चालू होतं. आईंनी ते केलं, असं मी माझ्या व्याकरण चुकणाऱ्या जर्मनमध्ये त्यांना सांगितलं.

"म्हणून तिने केक खाल्ला नाही," आजी म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसला.

 आजोबांनी विचारलं, "बाहेरच्यानेच काढायचं?"

"हो."

"आणि घरच्यांची तयारी नसेल तर?"

"मग थांबायचं," मी म्हटलं. हे मी मनाचंच सांगितलं, पण चुकीचं नसावं.

"गेनाऊ," ते म्हणाले.

मी हे सगळं सासूबाईंना येऊन सांगितलं, तरी त्या बाकावर जायच्या बंद झाल्या. "एवढ्या लोकांत त्या माणसाला खाली बघायला लावलं मी," म्हणत राहिल्या. सकाळी आजोबा एका कडेला बसायचे, दुसरी कडा मोकळी सोडून, आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायच्या आणि मेथी निवडायच्या. मेथी अर्थात फ्रोझन होती, तिच्यात निवडायला काही नव्हतं.

मग थंडी आली. नवऱ्याने रात्री दव गोठणार असल्याची वर्दी आणली तशी सासूबाईंनी झाडावरचा सगळा झेंडू खुडून तळघरात गारठ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी कुंड्यांमधली रोपं काळी पडली होती. दसऱ्याला त्यांनी तोरण केलं. आंब्याची पानं कुठली, इथल्या बीच झाडाची पानं लावली. नवऱ्याच्या बर्फ मोजायच्या काठीची आणि माझ्या लॅपटॉपची पूजा झाली. उरलेलं शेवटचं फूल लॅपटॉपवर होतं आणि ते तसंच ठेवून मी दिवसभर कॉल घेतले.

दोन दिवसांनी व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता. सकाळी मुलगी शाळेच्या बसला गेली आणि लगेच दार वाजलं. आजोबा उभे होते. धुतलेला शर्ट, टोपी, त्या दिवशीचेच कपडे. डोक्यावर आमचं तोरण लोंबत होतं, त्याकडे त्यांनी एकदा बघून घेतलं.

"ओमा आहे?"

सासूबाई आतून आल्या, पण दारापाशी येऊन मागेच थांबल्या.

"तिला सांगा, आज काढ म्हणावं," आजोबा म्हणाले.

"काय काढ?"

"ते. बाहेरच्याने काढायचं असतं ते."

मी सासूबाईंना सांगितलं. सांगताना मला रडू आलं, तर त्या म्हणाल्या, "तू कशाला रडतेस, स्टूल आण." फुलं नव्हतीच कुठे. त्या स्टुलावर चढल्या आणि दाराचं तोरण सोडवायला लागल्या.

"अहो आई, दसऱ्याचं तोरण आहे. असं लगेच उतरवतात का?"

"असू दे. सासरी चाललीये ती. भुंड्या कपाळाने पाठवायची का?"

ट्रक गोठ्यापुढे लागलेला होता. बाकीची जनावरं चढली होती, म्होरकीला आजोबांनी मागे ठेवलं होतं. सासूबाईंनी तोरण तिच्या शिंगांना गुंडाळलं, कपाळावर झेंडू येतील असं, बैलांना पोळ्याला बाशिंग बांधतात तसं. मग आजी जिना उतरून आल्या. हातात वर्तमानपत्राची पुडी. त्यातला आरसा काढून त्यांनी तोरणाच्या मधोमध अडकवला, तो सरळ बसेना, तेव्हा सासूबाईंनी केसातली पिन काढून दिली.

बँड नव्हता आणि बघणारे कोणी नव्हते. आजोबांनी दोर स्वतःच्या हातात घेतला आणि म्होरकीच्या पुढे चालत तिला गोठ्यापासून ट्रकपर्यंत नेलं. चार पावलांचंच अंतर होतं, ते ऐटीत चालले. फळीवर ती चढली, आजोबांनी आरसा सोडवून घेतला, फुलं तशीच ठेवली.

ड्रायव्हर म्हणाला, "वाटेत शेजारच्या गाई खाऊन टाकतील ते."

"खाऊ दे," आजोबा म्हणाले.

ट्रक घाटातल्या वळणापर्यंत दिसला. नंतर आवाज येत राहिला, मग तोही गेला. रिकाम्या गोठ्याचं दार आजोबांनी उगाचच लावलं आणि आम्ही सगळे वर गेलो. आजींनी कोणाला न विचारता सगळ्यांपुढे कॉफी आणि केकच्या बशा मांडल्या. आजोबा टोपी मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसत नव्हते. सासूबाईंनी आपल्या बशीतला केकचा तुकडा मोडला, आधी खाल्ला आणि मग आजोबांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"खा म्हणावं त्यांना," त्या मला म्हणाल्या.

मी तोंड उघडायच्या आत आजोबांनी चमचा उचलला होता.